माळाची यादी कोण करणार?

थंडी सुरू झाली की सोलापुरातल्या पक्षीप्रेमींचे व्हॉट्सअॅप ग्रुप भरून वाहू लागतात. हिप्परग्याच्या तलावावरची बदकं, कंबर तलावातल्या पाणकोंबड्या, उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे रोहित (फ्लेमिंगो), नान्नजच्या माळावर घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी. एकेक फोटो असा की नजर हटत नाही. खाली अंगठे येतात, हात जोडले जातात, 'अप्रतिम' लिहिलं जातं आणि दोन दिवसांत तो फोटो शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो. तो कुठल्या तारखेचा, कोणत्या गावच्या शिवारातला, तिथे तसे किती पक्षी होते, सोबत आणखी कोणते होते, यातलं काहीही मागे उरत नाही.

सोलापूरच्या पक्ष्यांना आज फोटोंपेक्षा याद्यांची गरज जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. तारीख, वेळ, ठिकाण, दिसलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या एवढीच यादी, पण कोणालाही शोधता येईल अशा जागी ऑनलाइन नोंदवलेली. त्यासाठीची साधनं फुकट आहेत, खिशातल्या मोबाइलवर चालतात. ती नियमाने वापरण्याची सवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाही, आणि या जिल्ह्यात तरी त्याची किंमत पक्ष्यांना मोजावी लागते.

'या जिल्ह्यात तरी' असं म्हणतो त्याला कारण आहे. सोलापूरला वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. एवढ्या पावसावर, मुरमाड आणि उथळ मातीत निसर्ग जे उभं करतो ते गवत. मारवेल, पवन्या, कुसळी, मधूनच एखादी बोर, हिवर, बाभूळ. हे काही उजाड झालेलं जंगल नाही. हा माळ असाच असतो आणि फार पूर्वीपासून असाच आहे. पण सरकारी कागदावर अशा जमिनीला 'पडीक' म्हणायची जुनी रीत आहे. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला सगळे मोकळे. पावसाळा आला की माळावर खड्डे घेऊन रोपं लावली जातात, फोटो काढले जातात, आणि लावणाऱ्यांना मनापासून वाटतं की आपण निसर्गासाठी काहीतरी केलं. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण ज्या पक्ष्याला दूरवरचं मोकळं दिसल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही, जो उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्याच्यासाठी ती दाट लागवड म्हणजे घरातून हुसकावणं आहे.

हा माळ उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा नीट बसून पाहावा. डोंबारी चंडोलाचा नर, पोटाखाली काळाभोर, पंख फडफडवत सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार असं वाटतानाच पुन्हा उसळून वर जातो. हे तो न थकता करत राहतो. थोडं पलीकडे धाविक पळतो, थबकतो, ताठ उभा राहतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो. त्याचा रंग मातीचाच, त्यामुळे तो थांबला की दिसेनासा होतो. माळटिटवीची अंडी तर पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि त्या पिसांतून पिलांसाठी पाणी घेऊन येतो. हे सगळं ज्या जमिनीवर चालतं तिच्या सातबाऱ्यावर याचा एक शब्द नसतो. मग ती कोणाला द्यायची, तिचं काय करायचं, हे ठरवणाऱ्याला ते कळणार कुठून?

एक उत्तर आपल्याकडे होतं, ते म्हणजे माळढोक. सत्तरच्या दशकात सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरच्या या पक्ष्याकडे लक्ष वेधलं, आणि १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य घोषित झालं. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, शहरांचे भाग आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि ज्यांना आयुष्यात एकदाही माळढोक दिसला नव्हता त्यांच्या मनात त्याच्याविषयी राग साचत गेला. पुढे क्षेत्र कमी करून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. दरम्यान उजनीचं पाणी आलं, ज्वारी-करडई-हरभऱ्याच्या शिवारात ऊस उभा राहिला. समोरचं कमी दिसणाऱ्या त्या जड पक्ष्याच्या वाटेत विजेच्या तारा आल्या. वर्षाला एखादंच अंडं घालणारा पक्षी एवढं कसं सोसणार? आज देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. आपल्याकडे एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

या इतिहासातून मला जे दिसतं ते असं. आपण माळाचं सगळं मोल एका पक्ष्याच्या नावावर लिहून ठेवलं. तो पक्षी विरळ झाला तसा माळालाही वाली उरला नाही. 'आता माळढोकच नाही, तर अभयारण्य कशाला?' हा प्रश्न मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकला आहे. उत्तर द्यायचं तर चंडोल, धाविक, पखुर्डी, तितर, भोवत्या, सापमार गरुड, आणि त्यांच्याबरोबर लांडगा, खोकड, काळवीट हे सगळे अजून इथे आहेत असं नुसतं म्हणून भागत नाही. कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या महिन्यात आहेत हे दाखवता आलं पाहिजे. ते दाखवायचं म्हणजे यादी.

यादी कशी करायची हे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण 'ऑनलाइन नोंद' म्हटलं की अनेकांना ते तज्ज्ञांचं काम वाटतं. जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे 'ईबर्ड'. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ते २००२ साली सुरू केलं. भारतात 'बर्ड काउंट इंडिया' हा गट त्याचं काम पाहतो. समजा तुम्ही सकाळी सात वाजता हिप्परग्याच्या बांधावर उभे आहात. मोबाइलवर यादी सुरू करायची. अॅप वेळ आणि चाललेलं अंतर स्वतःच मोजतं. मग निदान पंधरा मिनिटं जे जे दिसेल, ऐकू येईल आणि ओळखता येईल ते सगळं नोंदवायचं. वारकरी नावाचे पाणपक्षी दोनशेच्या आसपास असतील तर अंदाजाने दोनशे. वेडा राघू चार. होला दोन. कावळे सात. ओळखू आला नाही तो पक्षी सोडून द्यायचा. शेवटी अॅप एक महत्त्वाचा प्रश्न विचारतं, की ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले का? 'हो' म्हटलं की ती पूर्ण यादी झाली.

त्या 'हो'मध्ये सगळं बळ आहे. फोटोत फक्त असलेला पक्षी दिसतो, नसलेला दिसत नाही. पूर्ण यादीत मात्र 'नाही' सुद्धा नोंदलं जातं. दर आठवड्याला त्याच माळावर याद्या होत असतील आणि धाविक हळूहळू कमी याद्यांत येऊ लागला, तर काहीतरी बिघडतंय हे तो नाहीसा होण्याआधी कळतं. म्हणून कावळा, साळुंकी, चिमणी, होला यांना यादीत जागा हवीच. ही नावं लिहायला कंटाळा करणारे पक्षीमित्र मी पुष्कळ पाहतो. दुर्मिळ काही दिसलं तरच नोंद करायची, ही वृत्ती आपल्या छंदाला फार महागात पडली आहे.

साध्या याद्यांतून काय हाती लागतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ३० हजार पक्षी निरीक्षकांनी ईबर्डवर केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदी त्याच्या मुळाशी आहेत. ९४२ जातींचा त्यात विचार झाला. दीर्घकाळाचा कल ज्यांचा सांगता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्याचं त्यातून दिसलं, आणि गवताळ, मोकळ्या प्रदेशातल्या पक्ष्यांना मोठा फटका बसल्याचंही. नीलपंखाचं नाव त्यात वाचून मला धक्का बसला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो आपला नीलपंख इतका घटला आहे की जागतिक यादीत त्याच्या धोक्याचा दर्जा नव्याने तपासावा, अशी शिफारस त्या अहवालात आहे. तारेवर बसलेला दिसतो म्हणून आपण त्याला 'आहेच की' म्हणत होतो. ही घट एकट्या माणसाच्या डोळ्यांना दिसली नसती. हजारो लोकांच्या साध्यासुध्या सकाळी एकत्र आल्या तेव्हा ती दिसली.

सोलापुरात ज्येष्ठ पक्षी निरीक्षकांची परंपरा आहे. त्यांच्या घरांत वह्या आहेत, तारीखवार नोंदी आहेत, तलावांच्या आणि माळांच्या. ईबर्डवर जुन्या तारखेची यादीही भरता येते. वीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या माळावर काय होतं हे सांगणारी वही वाळवीच्या तोंडी जाण्याआधी एखाद्या महाविद्यालयीन मुलाने किंवा मुलीने त्या काकांजवळ बसून ती भरून घ्यावी. यापेक्षा मोलाचं संवर्धन मला या घटकेला सुचत नाही. पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि आज केलं नाही तर पुढे करताही येणार नाही.

याद्यांचा उपयोग कुठे होईल याचं सगळ्यात ताजं ठिकाण म्हणजे गायरानं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीला दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्रांजवळच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, सौर प्रकल्पांना दिल्या जातात. रात्री बारा वाजता मोटार सुरू करायला अंधारात, सापाकिरड्यात जाणारा शेतकरी मला माहीत आहे. दिवसा वीज ही त्याची रास्त मागणी आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. माझा आग्रह एवढाच, की दोन जागांतून एक निवडायची असेल तेव्हा कोणत्या जागेवर माळटिटव्या घरटी करतात आणि कोणती आधीच खणून, उकरून संपलेली आहे हे निवडणाऱ्यापुढे असावं. आज तिथे कोणी हरकत घेतली तर विचारतात, पुरावा काय? 'मी नेहमी जातो, तिथे खूप पक्षी असतात' हा पुरावा नव्हे. तीन वर्षांच्या, बाराही महिन्यांच्या, वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या याद्या हा पुरावा आहे. त्या जिल्हाधिकारी कार्यालयात देता येतात, जिथे जनसुनावणी होते तिथे वाचता येतात. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर पर्यावरण आणि वन मंजुऱ्यांसाठी आलेले प्रस्ताव कोणालाही पाहता येतात. आपल्या तालुक्याचं नाव तिथे अधूनमधून शोधणं हेही पक्षी निरीक्षणाचंच काम आहे.

आता हरकतींकडे येतो. पहिली मला सर्वांत गंभीर वाटते. ठिकाण उघड केलं की गर्दी होते, घरट्यांवर झुंबड उडते, शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो. हे खरं आहे. उजनीच्या पाण्यावर केवळ उडतानाचा फोटो मिळावा म्हणून होडी थव्यावर नेणारे लोक मी पाहिले आहेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि चरून ताकद साठवत असलेल्या पक्ष्यांना उगाच उठवणं मला क्रूर वाटतं. पण ही गर्दी कशामुळे होते? याद्यांमुळे नाही. 'आता इथे बसलाय, लवकर या' अशा लाइव्ह लोकेशनसह आलेल्या मेसेजमुळे होते. ईबर्डवर धोक्यातल्या काही संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण सर्वांना दाखवलं जात नाही, फार मोठ्या चौकोनात ते झाकलं जातं. शिवाय घरटं सापडलं तर विणीचा हंगाम संपेपर्यंत यादी उशिरा टाकण्याची मोकळीक आपल्याला असतेच. तेव्हा नियम कडक असावा. घरट्याचा आणि दुर्मिळ पक्ष्याचा ताजा पत्ता कोणत्याही ग्रुपवर नको, आणि जो टाकेल त्याला ग्रुपच्या अॅडमिनने समज द्यावी, तो कितीही मोठा छायाचित्रकार असो.

दुसरी हरकत अशी, की आपली माहिती परदेशी विद्यापीठाच्या ताब्यात का द्यायची? ही शंका देशप्रेमातून येते आणि तिला आदराने उत्तर द्यायला हवं. ती माहिती अभ्यासासाठी कोणालाही विनामूल्य मागवून घेता येते, भारतातल्या संशोधकांनी ती वापरूनच वर सांगितलेला अहवाल तयार केला, आणि संशयास्पद नोंदी तपासणारे स्वयंसेवक इथलेच असतात. पर्याय म्हणून आपल्याजवळ काय आहे? कुणाच्या तरी मोबाइलमधली गॅलरी, जी फोन बिघडला की गेली.

नोंदी चुकीच्या होतात, ही तक्रार मला मान्य आहे. 'मर्लिन' अॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं आणि नवख्यासाठी ते मोठं वरदान आहे, माझ्या मते गेल्या काही वर्षांत या छंदात आलेली सगळ्यात चांगली गोष्ट. पण ते सुचवतं, सिद्ध करत नाही. अॅपने नाव दाखवलं म्हणून न पाहता, न ऐकता ते यादीत उतरवणं चूक आहे. चंडोलांच्या बाबतीत तर विशेष जपावं, कारण माळावरचे तीन-चार चंडोल जुन्या जाणत्यांनाही कोड्यात टाकतात. शंका असेल तिथे नुसतं 'चंडोल' लिहून सोडण्याची सोय आहे, ती वापरावी.

आणि धनगराचं काय? मेंढ्यांमागे वर्षभर माळ तुडवणाऱ्या माणसाला लांडग्याची वाट, पखुर्डीचा पाणवठा, तितराचं वेळापत्रक आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईने ठाऊक असतं. त्याच्या हाती अॅप देऊन यादी मागणं हा उद्धटपणा होईल. त्याच्यासोबत चालणाऱ्या तरुणाने यादी करावी, त्याने सांगितलेलं पडताळून पाहावं, आणि शेऱ्यात त्याचं श्रेय, तो हो म्हणत असेल तर, लिहावं. ईबर्डवर पक्ष्यांची नावं मराठीत दिसण्याची सोय आहे, त्यामुळे यादी त्यालाही वाचून दाखवता येते. त्याने 'हे चुकलंय' म्हटलं तर ऐकावं.

पक्ष्यांपलीकडच्या जीवांसाठी, म्हणजे साप, फुलपाखरं, गवतं, कोळी यांच्यासाठी 'आयनॅचरलिस्ट' आहे. तिथे बहुतेक वेळा फोटोच लागतो, म्हणजे छायाचित्रकारांनी नाराज व्हायचं कारण नाही. माळावरच्या गवतांचे फोटो तिथे कोणी मनावर घेऊन टाकले तर मला मनापासून आनंद होईल, कारण गवत ओळखणारी माणसं आपल्यात फार थोडी उरली आहेत. जखमी पक्षी किंवा प्राणी दिसला, संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकलेला दिसला, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आधी तो लावावा, मग फोटो. देणगीबद्दल एवढंच, की ऑनलाइन आवाहन कितीही हेलावून टाकणारं असलं तरी पैसे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच जातात का, आणि त्यातून कोणत्या जागेवर काय काम झालं हे ती संस्था सांगते का, हे विचारूनच द्यावी. पैसे नसतील तर सकाळची पंधरा मिनिटं द्यावीत. माळाला त्यांचीच टंचाई अधिक आहे.

हे घडवून आणायला नवीन संस्था नको. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते, तिच्यातच शाळा-महाविद्यालयांच्या आवारांची वेगळी गणना असते. केगावचं विद्यापीठाचं आवार, विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार, होटगीचा तलाव, अक्कलकोटकडचं कुरनूर धरण, करमाळ्याकडचा उजनीचा काठ या जागा वेगवेगळ्या महाविद्यालयांनी वर्षभरासाठी वाटून घ्याव्यात. महिन्यातून दोन याद्या, तीच जागा, तोच वेळ. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना खड्डे खणण्याऐवजी हे काम द्यावं. एका वर्षात जिल्ह्याचं जे चित्र तयार होईल ते आज कोणत्याही कार्यालयाच्या कपाटात नसेल.

गावपातळीवर तर कायद्यानेच जागा तयार ठेवली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. येत्या ग्रामसभेत कोणत्याही मतदाराला ती नोंदवही पाहायला मागता येते, गायरानाच्या पानावर काय लिहिलंय ते विचारता येतं, आणि पान कोरं असेल तर आपल्या याद्यांच्या प्रती त्यात लावून तसा ठराव इतिवृत्तात घ्यायला लावता येतो. गायरान कोणाला द्यायचं हा विषय त्याच सभेपुढे येऊ शकतो, आणि तो येण्याआधी ते पान भरलेलं असायला हवं.